सीताफळाला फुलं ढीगभर, फळं मोजकीच: दरवर्षीची ही अडचण नेमकी कुठं आहे ते असं शोधा

"औंदाबी झाड फुलांनी लगडलंय, पण फळ काय धरंना."

उन्हाळा सरत आला की धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी, तिकडं भूम-परांड्यापर्यंत सीताफळ लावलेल्या गावागावांत हे ऐकू येतं. मागच्या साली हेच, त्याच्या आदल्या सालीही हेच. मग दुकानातून फुलगळीची बाटली येते, सूक्ष्म अन्नद्रव्यांचा डबा येतो, दोन-तीन फवारण्या होतात, आणि तरीही फुलांचा सडा बुंध्याखालीच पडतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसा असा जाताना बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा खतात नसतं. सीताफळाच्या फुलाचं स्वतःचं एक वेळापत्रक आहे, आणि आपण बहार धरतो, म्हणजे पाणी-छाटणीनं फुलं आणतो, तो काळ त्या वेळापत्रकाशी जुळत नाही.

आधी एक मनात पक्कं असू द्या. सीताफळाची सगळीच फुलं फळत नसतात. माणसानं हात लावला नाही तर शंभर फुलांमागं धरलेल्या फळांचा आकडा साधारण एकेरीच राहतो. बालाघाटाच्या डोंगरातल्या आपोआप उगवलेल्या झाडांचंही तेच. झाड मुळातच फुलं भरपूर काढतं आणि त्यातली थोडी टिकतात. त्यामुळं फुलं गळतात म्हणून घाबरायचं कारण नाही. झाडाच्या वयाला आणि घेराला साजेशी फळं वर्षानुवर्षं लागत नसतील, तर मात्र पुढचं वाचा.

गळतंय काय, ते आधी ओळखा

झाडाखाली बसून पडलेलं सगळं गोळा करा आणि बघा.

पाकळ्यांसकट, देठासकट अख्खं फूल पडलंय, देठ सांध्याशी पिवळा पडलाय, मधे गाठ धरल्याची खूण नाही? मग त्या फुलाचं परागीभवन झालेलंच नाही. नुसत्या पाकळ्या पडल्यात आणि वर फांदीवर हिरवा देठ नि टोकाला मण्याएवढी गाठ शिल्लक आहे? मग तिथं फळ धरलंय, त्या पाकळ्यांची काळजी करू नका. सुपारीएवढी किंवा त्याहून लहान फळं पडत असतील, किंवा झाडावरच काळी ठिक्कर पडून दगडासारखी वाळत असतील, तर अडचण परागीभवनाच्या पुढची आहे. त्याचं शेवटी सांगतो.

पहिल्या प्रकारच्या गळीला आणि तिसऱ्या प्रकारच्या गळीला एकच औषध मारलं जातं, आणि इथंच सगळा घोळ होतो. परागकण पोचलाच नाही तर बोरॉन काय करणार? परागनळी वाढायला बोरॉन लागतं हे खरं, पण त्यासाठी पराग आधी कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागावर, पडावा लागतो. संजीवकानं, म्हणजे वाढीच्या औषधानं, फळ टिकवता येतं तेही धरलेलं फळ.

एका फुलाला दोरा बांधा

सीताफळाचं फूल फार थोड्या लोकांनी नीट पाहिलेलं असतं, कारण ते दिसायला फूल वाटतच नाही. हिरवट, खाली लोंबणारं, तीन जाड मांसल पाकळ्यांचं, शेंगेसारखं बंद. बागेतलं मिटलेलं एक फूल निवडा, त्याच्या देठाला लाल दोरा बांधा आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ त्याच्याकडं चक्कर मारा.

पहिली पायरी: तीन पाकळ्यांची टोकं जेमतेम एकमेकांपासून सुटतात. बोटानं एक पाकळी हळूच बाजूला केली की आत खाली तोंड केलेला छोटा सुळका दिसतो. सुळक्याच्या टोकाकडचा भाग पांढरा, ओलसर, चकचकीत असतो, बोट लावलं तर चिकट लागतो. त्या सगळ्या कुक्षी, म्हणजे फुलाचा मादी भाग. त्याच्या वरच्या बाजूला, देठाकडं, दाटीवाटीनं बसलेले पुंकेसर दिसतात. ते या वेळी घट्ट असतात. नखानं खरवडलं तरी पराग सुटत नाही. म्हणजे फूल आत्ता मादी आहे.

दुसरी पायरी बहुतेक पुढच्या दिवशी येते. पाकळ्या आता पुरत्या फाकलेल्या असतात. पुंकेसर मळकट पिवळसर झालेले, सैल पडलेले, फूल हलवलं की तळहातावर गळतात नि बारीक भुकटी लागते. आता पराग तयार आहे. पण सुळक्याच्या टोकाकडं बघा: कुक्षी तपकिरी पडल्यात, चिकटपणा गेलाय, पुष्कळदा गळूनही गेल्यात. म्हणजे फूल आता नर झालंय.

एकाच फुलात दोन्ही अवयव असूनही त्यांची वेळ जुळत नाही. आधी मादी, मग नर. झाडाला स्वतःच्याच झाडाचा पराग चालतो, तिथं अडसर नाही. फक्त एका फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामी येत नाही. शेजारचं दुसरं फूल, जे त्या घडीला मादी अवस्थेत आहे, तिथपर्यंत तो कुणीतरी न्यावा लागतो. "माझं झाड नर निघालं" असं काही जण सांगतात. पपईत नर झाड वेगळं असतं, सीताफळात नसतं. त्या समजुतीनं चांगली झाडं तोडू नका.

कुठल्या वेळेला कुठली अवस्था येते हे जातीवर आणि हवेवर अवलंबून आहे. बाळानगरचं घड्याळ वेगळं, एनएमके गोल्डनचं वेगळं, आणि त्याच झाडाचं एप्रिलमधलं आणि जुलैमधलंही वेगळं. म्हणून दुसऱ्याच्या बागेतली वेळ घेऊन येऊ नका, दोरा बांधून आपल्याच झाडावर ठरवा.

उन्हाळी बहारातच का फसतं

सीताफळाची मऊ, चिकट कुक्षी दमट हवेसाठी बनलेली आहे. पंचविशी ते तिशीच्या आतबाहेरचं तापमान आणि हवेत भरपूर ओलावा असेल तर पराग तिच्यावर रुजतो. आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या पुढचा पारा आणि अंग भाजणारा वारा. मादी अवस्थेतली कुक्षी पराग येण्याआधीच सुकून जाते. पराग असला तरी त्याची रुजण्याची ताकद घटलेली असते.

डोंगरातल्या झाडांनाही उन्हाळ्यात फुलं येतात आणि गळतात. त्यांची खरी फळधारणा मृगाच्या पावसानं हवा ओलावल्यावर, जून-जुलैच्या फुलांवर होते. तीच फळं साडेतीन-चार महिन्यांनी, दसरा-दिवाळीच्या सुमारास दौलताबादच्या रस्त्यावर पाट्यांमध्ये दिसतात. आपण बागेत पाणी देऊन, छाटणी करून बहार आधी आणतो, कारण जुलै-ऑगस्टमध्ये माल निघाला तर भाव मिळतो. हिशोब चुकीचा नाही. पण बहार पुढं ओढला म्हणजे फूलही ऐन भट्टीत उघडणार, आणि मग निसर्गावर सोडून चालत नाही. छाटणीची तारीख ठरवतानाच हे गृहीत धरा.

छाटणीवरून एक गोष्ट. सीताफळाचा नवा डोळा पानाच्या देठाच्या तळाशी झाकलेला असतो. पान गळलं किंवा काढलं तरच तो मोकळा होऊन फुटतो, आणि फुलं त्या नव्या फुटीबरोबर येतात. म्हणून सगळी बाग एकाच दिवशी छाटू नका. काही ओळी आधी, काही पंधरा-वीस दिवसांनी छाटल्या तर फुलं टप्प्याटप्प्यानं येतात. एक टप्पा उष्णतेच्या लाटेत सापडला तरी दुसरा हाती राहतो. शिवाय बागेत एकाच वेळी मादी आणि नर दोन्ही अवस्थांतली फुलं मिळण्याची शक्यता वाढते.

बागेची हवा थोडी सुधारता येते: पश्चिमेकडून वारा अडवणारी शेवरी किंवा सुबाभळीची दाट ओळ, बुंध्याभोवती पाचटाचं आच्छादन, पाणी थोडं पण वरचेवर. फुलांवर पाणी मारू नका, त्यानं पराग धुऊन जातो.

मधमाश्यांच्या पेट्या आणि खरे वाहक

"मधमाश्यांच्या पेट्या ठेवू का?" हा प्रश्न हमखास येतो. कलिंगडाला, सूर्यफुलाला, कांद्याच्या बियाण्याला जरूर ठेवा. सीताफळाच्या फुलाकडं मधमाशी क्वचितच फिरकते. फट अरुंद, पाकळ्या जाड, आणि तिच्या कामाचं आत फारसं काही नाही.

या फुलाचे वाहक आहेत दोन-तीन मिलिमीटरचे तपकिरी-काळे भुंगेरे, सडक्या फळांवर जगणारे. फुलाचा पिकलेल्या फळासारखा वास त्यांना ओढून आणतो. मादी फुलाच्या बंद खोलीत ते शिरतात, तिथंच थांबतात. फूल नर होऊन पाकळ्या फाकल्या की पराग अंगावर घेऊन बाहेर पडतात आणि दुसऱ्या मादी फुलात जातात. सीताफळ आणि त्याचंच भावंड असलेलं चेरीमोया यांच्या संकरातून झालेल्या अ‍ॅटेमोयाच्या बागांत, इस्राईलमध्ये आणि फ्लोरिडात, याच कुळातल्या भुंगेऱ्यांचा अभ्यास झालेला आहे.

आता आपली बाग बघा. तण नाही, पालापाचोळा नाही, पडलेलं फळ नाही, चहूकडं उघडी काळी जमीन. हे भुंगेरे राहणार कुठं? डोंगरातल्या झाडाखाली ओलसर पाचोळा असतो, सडलेली फळं असतात. बागा फार चकाचक ठेवण्याच्या नादात आपण आपलेच मदतनीस हाकलतो, असं माझं स्पष्ट मत आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत झाडांच्या सावलीत जागोजागी सडकी केळी, पपई, अननसाच्या साली टोपलीत ठेवून बघा. वाळल्या की बदला. फळं पिकायला लागली की मात्र या टोपल्या उचलायच्या, कारण तेच भुंगेरे मग फुटलेल्या फळात शिरतात.

आणि फुलोऱ्यात कीटकनाशक नको. पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त फुलं येण्याआधी करा: खोडावर चिकटपट्टी, मुंग्यांच्या वाटा बंद, गरज पडली तरच फवारणी. फुलं उघडी असताना मारलेलं औषध ढेकणाआधी भुंगेऱ्यांना मारतं.

वीस-वीस फुलांची चाचणी

अंदाज बांधत बसण्यापेक्षा ही चाचणी करा. खर्च जवळपास नाही. एकाच झाडावर, सारख्या जाडीच्या फांद्यांवर, मादी अवस्थेतली चाळीस फुलं निवडा. वीस फुलांना लाल दोरा, वीस फुलांना पांढरा. लाल दोऱ्याच्या फुलांचं हातानं परागीभवन करा, पांढरी तशीच सोडा.

पराग असा मिळवा: दुपार कलल्यावर पूर्ण फाकलेली, पुंकेसर मळकट झालेली फुलं तोडून कागदाच्या खोक्यात एका थरात पसरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका, घाम सुटतो आणि पराग चिकटून वाया जातो. खोकं सावलीत, थंड जागी ठेवा. रात्रीतून पुंकेसर आपोआप सुटतात. सकाळी फुलं हलवून काढा, चहाच्या गाळणीतून चाळा, खाली उरलेली भुकटी लहान डबीत घ्या. ही भुकटी त्याच सकाळी वापरायची, दोन दिवस साठवायची नाही.

ऊन चढायच्या आत, आठ-साडेआठपर्यंत काम उरका. डाव्या हातानं फूल धरून अंगठ्यानं एक पाकळी बाजूला करा. ती तुटली तरी बिघडत नाही, पण सुळक्याला नख लागू देऊ नका. चित्रकलेचा बारीक, मऊ कुंचला भुकटीत बुडवून सुळक्याच्या भोवती सगळीकडून दोन-तीनदा फिरवा. एका बाजूनं फटकारा मारून पुढं जाऊ नका, त्याचं कारण खाली येतंच आहे.

आठवड्या-दीड आठवड्यानं मोजा. लाल दोऱ्याची बरीच धरली आणि पांढरी गळाली, तर तुमच्या झाडाला काही रोग नाही, कमी आहे ती परागवाहकाची. बाटल्या बंद करा. दोन्ही गळाली, तर हवा फार तापलेली आहे किंवा झाड तरी अशक्त आहे. पाऊस झाल्यावर तीच चाचणी पुन्हा करा, म्हणजे दोन्हींतलं कुठलं ते कळेल. दोन्ही धरली आणि पुढं महिनाभरात फळं पडली, तर पाणी, अन्न किंवा बुरशी यांच्याकडं वळा.

स्पेनमध्ये चेरीमोयाचे आणि तैवानमध्ये सीताफळ-अ‍ॅटेमोयाचे बागायतदार हातानं परागीभवन हे नेहमीचं काम म्हणून करतात. आपल्याकडं मजुरीचा प्रश्न येतो, तो रास्त आहे. सराव झालेल्या माणसाच्या हातून एका सकाळी शंभरावर फुलं सहज होतात. प्रत्येक फूल करायचंच नाही. जाड फांदीवरची, खोडाजवळची, वारा न लागणारी फुलं निवडा, झाड पेलेल तेवढीच करा. मोठ्या फळाच्या जाती आणि लवकरचा बहार असेल तर ही मजुरी निघते. बांधावरच्या गावठी झाडांसाठी ती खर्चायची गरज नाही, त्यांना पाऊस सांभाळतो.

वाकडं फळ काय सांगतं

एका बाजूनं फुगलेलं, दुसऱ्या बाजूनं चपटं, मधेच खड्डा पडलेलं फळ व्यापारी बाजूला काढतो. हे फळ कापा. फुगलेल्या बाजूला बिया आणि गर, चपट्या बाजूला बीच नाही.

सीताफळ हे एक फळ नसून एकाच फुलातल्या अनेक स्त्रीकेसरांची मिळून झालेली जुडी आहे. वरचा एक-एक डोळा म्हणजे एक स्वतंत्र अंडाशय, आणि त्याला स्वतंत्र पराग लागतो. मक्याच्या कणसात ज्या दाण्याला पराग मिळाला नाही ती जागा रिकामी राहते, तसंच हे. जितक्या जास्त कुक्षींना पराग, तितक्या जास्त बिया आणि तितकं भरीव, गोल फळ. म्हणून कुंचला चहूबाजूंनी फिरवायचा. वाकडी फळं लिंबाएवढी असतानाच काढून टाका, ती पुढं सरळ होत नाहीत आणि चांगल्यांचा वाटा खातात.

परागीभवनाशी संबंध नसलेल्या अडचणी

रोपावरची झाडं सारखी निघत नाहीत. बीपासून वाढवलेलं प्रत्येक झाड वेगळं, त्यामुळं बागेतली काही झाडं कायम कमी फळणारी असू शकतात. अशा झाडावर दुसऱ्या चांगल्या झाडाची काडी बांधा. नवी लागवड असेल तर कलमंच घ्या. रोपाला फळ यायला तीन-चार वर्षं लागतातच, त्याआधी तक्रार नको.

भारी काळ्या जमिनीत, नत्र आणि पाणी भरपूर मिळालेलं झाड पानावर जातं. सीताफळाला मुरमाड, निचऱ्याची जमीन मानवते. बालाघाटाच्या माळावर ते आपसूक का आलं, त्याचं उत्तर तिथल्या जमिनीत आहे. अशा झाडाला बहाराआधी ताण द्या, नत्र कमी करा, मधून फांद्या काढून आत उजेड येऊ द्या.

धरलेली लहान फळं पडत असतील तर पहिला संशय पाण्याच्या ओढाताणीवर घ्या. पावसाचा पंधरा दिवस खंड, मग एकदम मुसळधार, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. खंडात एक-दोन हलकी पाणी दिली तरी फरक पडतो. फळं काळी पडून झाडावरच वाळत असतील तर करपा हा बुरशीचा रोग असण्याची शक्यता मोठी आहे. ती तोडून बागेबाहेर जाळा, छाटलेली सुकी काडी झाडाखाली ठेवू नका, पावसाळ्याच्या तोंडाशी एक टक्का बोर्डो मिश्रण मारा.

पुढं विचारायचं असेल तर

चाचणी करूनही उलगडा झाला नाही तर अंबाजोगाईला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. धारूर-६ ही जात तिथलीच. आपल्या बीड जिल्ह्यातल्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळं बीडकरांनी तरी या केंद्राचा उपयोग करून घ्यायलाच हवा. तिथं जा, किंवा इथं खाली विचारा, पण नुसतं "फुलं गळतात" एवढंच सांगू नका. जात कोणती, झाड कलमाचं की रोपाचं, वय किती, जमीन कशी, छाटणी आणि पहिलं पाणी कुठल्या तारखेला, फुलोऱ्यात काय फवारलं, लाल दोऱ्याची किती धरली नि पांढऱ्याची किती, हे लिहा. सोबत गळालेल्या फुलाचा देठासकट फोटो आणि मधोमध कापलेल्या एका वाकड्या फळाचा फोटो जोडा.